खरे प्रमोटर किती आणि खोटे किती, तेही छापा

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत एआय आता माणसाचा अख्खा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचणार असा लेख आलाय, हा विषय मराठीत आला याचं खरंच बरं वाटलं. पण जीन चालू करणारा भाग म्हणजे प्रमोटर, तो कम्प्युटरने बरोबर ओळखला असं नुसतं लिहून भागत नाही हो, खऱ्याबरोबर खोटे किती उचलले ते कोण सांगणार?

१९९७ मध्ये फिकेट आणि हात्झिगिओर्गिऊ या संशोधकांनी तेव्हाचे प्रमोटर शोधणारे प्रोग्रॅम तपासले, तर जो निम्मे प्रमोटर पकडत होता तो डीएनएच्या साधारण ४६० अक्षरांमागे एक खोटाही दाखवत होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीनोममध्ये अक्षरं ३०० कोटी, म्हणजे खोटे झाले ६५ लाखांच्या आसपास आणि प्रोटीन बनवणारे जीन जेमतेम २० हजार! कॉलेजात टाटा बॉक्स, म्हणजे प्रमोटरमधली टी-ए-टी-ए अशी ठराविक अक्षरं, घोकून घेतात, पण माणसाच्या बहुतेक प्रमोटरमध्ये तो नसतोच, आणि तशी अक्षरं मात्र जीनोमभर विखुरलेली, मग प्रोग्रॅम बिचारा फसणारच. पुढे सीपीजी आयलंड, म्हणजे सी आणि जी ही अक्षरं लागोपाठ खूपदा येणारे भाग, धरून शोधायला लागले, अर्ध्याहून जास्त प्रमोटर तिथे असतात म्हणून निकाल सुधारले, पण उरलेल्यांचं काय?

खरं काम केलं जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने. त्यांची केज पद्धत जीनवरून बनणाऱ्या आरएनएचं सुरुवातीचं टोकच पकडून वाचते, त्यामुळे जीन कुठून सुरू झाला ते थेट दिसतं, आणि कुठल्या पेशीत तेही, कारण लिव्हरमध्ये चालू असलेला प्रमोटर मेंदूत गप्प असू शकतो. २०२१ चं एन्फॉर्मर हे एआय मॉडेल असल्याच डेटावर शिकलंय, लेखात मात्र सगळं श्रेय एआयला, लॅबचं नावच नाही.

एका प्रमोटरचं बघा. यूजीटी१ए१ या जीनच्या प्रमोटरमध्ये टीए ही जोडी सहसा ६ वेळा असते, काहींच्यात ७ वेळा. दोन्ही प्रतींत ७ असेल तर जीन मंदावतो आणि बिलिरुबिन हे रक्तातलं पिवळं द्रव्य जरासं वर राहतं, यालाच गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, बऱ्याच जणांच्या ब्लड रिपोर्टमध्ये दिसतो आणि उगाच कावीळ कावीळ म्हणून घरात धावपळ. हा फरक १९९५ मध्ये सापडला तो पेशंटचा डीएनए तपासून.

तर पुढच्या वेळी असा लेख छापताना लेखकाला एवढंच विचारा, खोटे किती निघाले आणि कुठल्या पेशीत तपासलं.

– आपला एक नेहमीचा वाचक