खोलीची किल्ली

चि. महेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला असता तर "बरं बरं, बघतो" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. परवा दुपारी तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका पेशंटच्या बायकोचा फोन आला. नाव लिहीत नाही, तुला कळेल. माझा नंबर तूच दिलास म्हणाली. आधी "तुमच्या मुलानं आमचं घर वाचवलं" म्हणून रडली, मग एकेक सांगत गेली. पोराच्या फीला तू पैसे दिलेस. डिस्चार्जनंतर नवरा एका रात्री पिऊन आला, सासऱ्यांनी दार उघडलं नाही, तेव्हा तो तुझ्या खोलीवर झोपला. आता तुझ्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडेच असते.

त्या रात्री खोलीत वास होता का रे?

हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. राहू दे.

एक गोष्ट ऐकून मात्र ऊर भरून आला. अँटाब्यूजची, म्हणजे दारू सोडवायची, गोळी कुटून भाजीत घालू का, असं तिनं विचारलं तर तू सरळ नाही म्हणालास आणि दोघांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलंस. शाब्बास. माणसाला न सांगता गोळी पोटात गेली आणि वर तो प्यायला, तर उलट्या, धडधड, बीपी खाली, जिवावरसुद्धा बेततं. मी सबसेंटरला नर्स होते तेव्हा "पिणाऱ्याला कळणार नाही" म्हणून पुड्या विकणारे दर बाजाराला यायचे. बायका पदराच्या गाठीतले पैसे सोडून द्यायच्या. अण्णा असते तर तुझी ही गोष्ट एसटी स्टँडवर उभं राहून सांगितली असती त्यांनी.

पण पैसे का दिलेस? आता तो तुझा देणेकरी झाला. उद्या त्यानं पुन्हा घेतली तर पहिला चुकवणार तो तुलाच, आणि नेमकं तेव्हाच त्यानं तुझ्याकडे यायला हवं. किल्लीचंही तेच. एएमध्ये, म्हणजे तुमच्या दारू सोडलेल्यांच्या ग्रुपमध्ये, तू कुणाचा स्पॉन्सर, म्हणजे नव्याला आधार देणारा जुना सोबती, असशील, त्याला रात्री दोनला फोन करू दे, ते तुमचं आपसातलं आहे, त्याला पगार नाही. केंद्रात तू पगार घेतोस, तुझ्या हातात त्याची फाइल आहे, पेशंटला सुट्टी द्यायची की नाही यात तुझा शब्द चालतो. एकाच माणसाचा स्पॉन्सरही तू आणि काउन्सिलरही तू, हे जमत नाही. तो तुझ्याशी खरं बोलेल की सुट्टीसाठी गोड बोलेल, हे तुला कसं कळणार?

मी नर्स होते, काउन्सिलर नव्हते, हे मला माहीत आहे. पण टीबीच्या पेशंटच्या घरी जाताना शेजारणीला काय सांगायचं हे आम्हालाही शिकावं लागलं. बाळंतिणीच्या घरचा चहा घ्यायचा, साडी घ्यायची नाही. तुमचं तर कायद्यातच आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या आजारालाही लागतो, आणि गुप्तता हा पेशंटचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हा सांगता येतं, ते वेगळं. मला त्या माणसाच्या घरातलं इतकं कळायचं काही कारण होतं का? माझा नंबर परत कुणाला देऊ नकोस.

लेक्चर झालं. माफ कर. सुजाता म्हणतेच, "आई, तू अजून ड्यूटीवर आहेस."

तू दारू बंद केलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी "भिंतीवर मुंग्या चालल्यात, झटक" म्हणालास ते आठवतं का? भिंतीवर काही नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात असं पाहिलं होतं, तेव्हा मी न घाबरता गाडी बोलावली होती. तुझ्या वेळी मला संजूकाकाचा नंबर लावता येईना. तू मात्र सलाइन लावलेला हात माझ्याकडे करून "आई, तू जेवलीस का" विचारत होतास. म्हणून सांगते, "मी एका झटक्यात सोडली, तूही सोड" असं कुणाला म्हणू नकोस. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखत व्हायला हवं.

तुझी गोष्ट सांग, त्यासाठीच तुला तिथं घेतलंय. 1935 साली अमेरिकेत दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून एए उभी राहिली, हे तूच मला सांगितलंस. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये यातून बाहेर आलेली माणसंच पेशंटना सांभाळतात हे वाचलं होतं, म्हणून तर या नोकरीला मी हो म्हटलं. पण समोरच्याच्या कामाला येईल तेवढीच सांग. तुझं मन मोकळं करायला तुझा ग्रुप आहे, पेशंट नाही. आणि त्यात सुजाताच्या पाटल्यांचं येऊ देऊ नकोस. त्या तिच्या होत्या, तिच्या सासरी अजून कुणाला माहीत नाही.

तुला वाटेल आईचा विश्वास नाही. विश्वास आहे, पण त्या खोलीत तू एकटा आणि शेजारी प्यालेला माणूस, हे डोळ्यांपुढून जात नाही. त्याची स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, तू आपली हार समजशील, जेवण-झोप सोडशील, मीटिंग चुकवशील, आणि मग... पुढचं लिहीत नाही.

तुझ्या सरांना सगळं सांग, पैशांचंही. रागावतील, रागावू देत. ती फाइल दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांग. त्या माणसाला मात्र तू स्वतः भेटून सांग, नाहीतर त्याला वाटेल तूही दार लावलंस. किल्ली मागून घे, आणि त्यानं कुणाला दाखवली असेल तर कुलूपच बदल. पैसे परत मागू नकोस, गेले म्हणून सोड. कमी पडत असतील तर मला सांग, पेन्शन झाली आहे.

सरांशी बोललास की दोन ओळी टाक, रात्री उशिरा असल्या तरी चालतील.

तुझी
आई