बाई, ते पेन्सिलीचं टिंब

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून बोलायला गेले की घसा दाटतो, म्हणून लिहिते आहे. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते.

आधीच्या शाळेत आमच्या चिरंजीवांची ओळख 'आळशी' एवढीच. तोंडी विचारा, पानिपत रंगवून सांगेल. लिहायला बसला की 'भ'चा 'म', 'घ'चा 'ध'. 'किती'मधली वेलांटी ऐकू येते 'क'नंतर आणि काढायची मात्र 'क'च्या आधी, तिथे तर गाडी हमखास अडायची. वहीभर लाल शेरे: 'लक्ष देत नाही'. मग एका समुपदेशकाने बोटांचे ठसे घेतले, पैसे तर घेतलेच, आणि निकाल दिला: हा उजव्या मेंदूचा मुलगा, चित्रकलेला घाला, वाचनाचा नाद सोडा.

तो रंगीत अहवाल तुम्ही न उघडताच परत दिलात. मेंदूच्या दोन भागांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाला १९८१ साली नोबेल मिळालं खरं, पण त्यातले रुग्ण दोन भागांमधला दुवा कापलेले होते. आपल्या मेंदूत डावे-उजवे पक्ष नसतात, म्हणालात. डिस्लेक्सियात, म्हणजे याच्यासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणीत, अक्षर आणि उच्चार यांची सांगड कच्ची राहते, नीट शिकवलं तर ती सुधारते. एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं!

पण खरे आभार निराळ्याच गोष्टीचे. प्रकट वाचनाच्या दिवशी याच्या पोटात दुखायचं. तुम्ही आदल्या दिवशी त्याच्या पुस्तकात एका परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने बारीकसं टिंब द्यायला लागलात. उद्या पाळी इथे. रात्री आम्ही तेवढाच भाग घोटून घ्यायचो, आणि वर्गात कुणाला पत्ता लागायचा नाही. पाळी नेमकी तिथेच यावी म्हणून तुम्ही किती जणांना मध्येच 'बस खाली' म्हणत असाल, देव जाणे.

दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मागता येतील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, तेव्हा तो हक्कच. पोराची लाज राखायला मात्र कुठलं परिपत्रक निघत नाही, ते माणसाच्या अंगातच असावं लागतं. तुमच्यासारखी माणसं शाळाशाळांत असतीलही, आम्हाला उशिरा भेटली.

परवापासून म्हणतोय, 'बाईंना सांग, आता टिंब नको.' ऐकू नका त्याचं. सहामाहीपर्यंत तरी राहू द्या.

आपली नम्र,
सहावीतल्या एका बडबड्याची आई