हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

मा. संपादक,

गोल्फच्या बातम्यांत हँडिकॅपला (खेळाडूचे कौशल्य दाखवणाऱ्या आकड्याला) खेळाडूची सरासरी म्हटले जाते, ते योग्य नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीनुसार शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांच्या फरकांचीच सरासरी धरली जाते. त्यामुळे हा आकडा खेळाडूची कुवत सांगतो, रोजचा खेळ नव्हे. फरक काढताना फटक्यांतून कोर्स रेटिंग (त्या मैदानावर निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) वजा करून बाकीला ११३ने गुणतात व स्लोप रेटिंगने (ते मैदान निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला किती अवघड, याच्या आकड्याने) भागतात. ७१ रेटिंग आणि १२० स्लोप असलेल्या मैदानावर ९५ फटके लागल्यास तो २२.६ येतो. एखाद्या होलवर कितीही फटके गेले तरी नेट डबल बोगीपर्यंतचेच (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांहून दोन जास्त, अधिक हँडिकॅपनुसार मिळणारे सवलतीचे फटके) धरले जातात, ही तरतूद मला विशेष न्याय्य वाटते. क्रीडा पानावर हे गणित एकदा सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक गोल्फप्रेमी वाचक