‘अ‍ॅथल हायलँडर्स’ आयर्लंडची नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला युरोपीय लोकसंगीतावरचा लेख आवडीने वाचला. त्यात ‘अ‍ॅथल हायलँडर्स’ या जिगला, म्हणजे जलद लोकनृत्याच्या धुनेला, ‘प्रसिद्ध आयरिश धून’ म्हटले आहे, ते मात्र खटकले. मी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेली. आता स्कॉटलंडमध्ये पर्थला राहते आणि इथल्या सेशनमध्ये, म्हणजे लोकसंगीताच्या बैठकीत, फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवते. ही धून आमच्याकडे जवळजवळ दर बैठकीत होते.

आयर्लंडमध्येही ती भरपूर वाजते, त्यामुळे गफलत होणे साहजिक आहे. पण गाव नावातच आहे. अ‍ॅथल हा पर्थशायरचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, ड्यूक ऑफ अ‍ॅथलची जहागीर. चौथ्या ड्यूकने 1777 मध्ये ‘अ‍ॅथल हायलँडर्स’ नावाची पलटण उभारली, ती ब्रिटिश सैन्याची 77वी रेजिमेंट. गंमत म्हणजे तिची बरीचशी नोकरी आयर्लंडमध्येच झाली. भरती करताना अट होती तीन वर्षे किंवा अमेरिकेतले युद्ध संपेपर्यंत. युद्ध संपत आले तेव्हा 1783 मध्ये या शिपायांना पोर्ट्समथ बंदरावर आणून हिंदुस्थानला निघायचा हुकूम झाला. इंग्रजांचे म्हैसूरशी युद्ध तेव्हा चालूच होते. शिपायांनी जहाजावर चढायला साफ नकार दिला. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि शेवटी पलटणच मोडली. दिलेला शब्द सरकारने मोडला होता, तेव्हा माझे मत विचाराल तर बंडखोर बरोबर होते.

पुढे 1839 मध्ये ड्यूकच्या घराण्याने हे नाव पुन्हा उभे केले. 1844 मध्ये राणी व्हिक्टोरिया ड्यूकच्या ब्लेअर कॅसलला मुक्कामी होती, तेव्हा याच लोकांनी पहारा दिला, आणि पुढच्या वर्षी तिने त्यांना निशाणे दिली. ड्यूकची ही खासगी फौज आजही दर मे महिन्याच्या अखेरीस कॅसलसमोर संचलन करते, पुढे अर्थातच पाइपवाले, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे.

पुराव्याला इतिहासही लागत नाही, धून पुरते. हायलँड पाइपवर स्वर नऊच: खालच्या कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत. फिडलला खाली-वर केवढी जागा मोकळी असते, पण ही अख्खी धून त्या नऊ स्वरांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. आयरिश पाइपला दोन सप्तके मिळतात, तिथे जन्मली असती तर एवढी आखडून कशाला बसली असती? शिवाय नाचाच्या जिगला बहुधा दोन भाग असतात. हिला चार आहेत, पाइपच्या मार्चला, म्हणजे संचलनाच्या धुनेला, असतात तसे.

आणि ती मूळची मार्चच आहे. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन खंड, म्हणजे आपल्या दादऱ्याची चाल. मार्चमध्ये तिनातली पहिली मात्रा लांबवून दुसरी आखडतात, पावले पडायला हवीत म्हणून. फिडलवाल्यांनी तीच धून उचलून तिन्ही मात्रा जवळपास सारख्या केल्या, लय वाढवली, की झाली जिग. ‘स्ट्रिप द विलो’च्या नाचाला मग हीच चालते. दुसरा भाग गुणगुणून पाहा, सागप सागप, सामध सामध, आणि खाली षड्ज हलतच नाही. पाइपचा अखंड वाजणारा सूर तो हाच. आमच्या सेशनमधले एक वयस्कर वादक पहिल्या भागाचा पंचम ए तारेवर करंगळीने धरतात आणि शेजारची मोकळी ई तार सोबत घासतात. एकच स्वर दोन तारांवर असा ओरडतो की खोलीत पाइपवाला शिरल्याचा भास होतो. मला ते अजून नीट साधत नाही, करंगळी किंचित घसरली की दोन स्वर भांडू लागतात.

लेखकांनी याच ओघात नील गौ (1727–1807) यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या तर बरे झाले असते. डंकेल्डजवळच्या इन्व्हरचा हा फिडलवादक याच अ‍ॅथलच्या ड्यूकांच्या पदरी होता, चित्रकार रेबर्नने त्याचे चित्र काढले आहे. एकाच घराण्याच्या आश्रयाला पाइप आणि फिडल दोन्ही असल्यावर धुना इकडच्या तिकडे जाणारच.

पुढच्या पुरवणीत ‘आयरिश’च्या जागी ‘स्कॉटिश, मूळ पाइपवरची’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पर्थ, स्कॉटलंड