आधी पाणी मुरू द्या, मग कोळंबी आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मत्स्यालयाच्या दुकानांत हल्ली माशांच्या शेजारी लालभडक चेरी कोळंबीची टाकी हमखास दिसते. जीव जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. मूळची तैवान-चीनकडची ही गोड्या पाण्यातली कोळंबी मुलांना फार आवडते, हौसेने डझनभर घरी आणली जाते आणि बहुतेक घरांत पंधरवड्याच्या आत संपते. मग दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही ‘नाजूक जात’ म्हणून मोकळे होतात. खरे तर ही जात चांगली चिवट आहे. ती मरते कच्च्या पाण्याने, चुकीच्या पाण्याने किंवा डासांच्या औषधाने, आणि तिन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. त्यात साधारण ५० लिटर पाणी मावते. टेबलावरच्या पाच-दहा लिटरच्या शोभेच्या भांड्यात पाण्याचे तापमान आणि क्षार भराभर बदलतात, तिथे नवशिक्याने जाऊच नये. तळाला १ ते ३ मिलिमीटरची साधी खडी स्वच्छ धुऊन दीड इंच घालावी. गाळणी म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सगळ्यांत उत्तम, कारण त्यात दोन मिलिमीटरची पिल्ले ओढली जात नाहीत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर नळीला उलट-प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावावा. वीज गेली की नळीतून पाणी उलटे फिरते, पंप जळतो आणि टाकी रिकामी होऊन फरशीवर पाणी साचते. वनस्पतींत जावा मॉस आणि अनुबियास पुरेत. मात्र विकत आणलेल्या वनस्पतींवर कीटकनाशक असू शकते. त्या आठवडाभर वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलत ठेवून मगच टाकीत घालाव्यात.

आता पाणी मुरण्याबद्दल. नव्या टाकीत विष्ठेचा आणि उरलेल्या खाद्याचा अमोनिया होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही कोळंबीला विषारी आहेत, आणि हे जीवाणू स्पंजमध्ये व खडीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी पाणी भरून, पण कोळंबीशिवाय चालवावी आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे. ओळखीच्या जुन्या निरोगी टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळता आला तर काम लवकर होते. थेंबांच्या चाचणीत, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात रसायनाचे थेंब टाकून रंग पाहतात तीत, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅमच्या) खाली आले म्हणजे पाणी मुरले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसणे हा पुरावा नव्हे, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतरही आणखी दोन आठवडे थांबावे. एव्हाना काचेवर, दगडांवर बुळबुळीत पातळ थर धरतो. कोळंबीचे खरे अन्न तेच. ती दिवसभर पुढच्या चिमुकल्या नांग्यांनी टिपून तोंडात घालत असते ते हेच.

पाणी कुठले, हा प्रश्न आपल्याकडे गावागणिक बदलतो. घरात आरओ आहे म्हणून ‘शुद्ध’ पाणी भरणारे सगळ्यांत जास्त फसतात. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास उरत नाही. कोळंबीला वाढताना दर काही आठवड्यांनी कवच टाकावे लागते, आणि क्षार नसले की कवच नीट सुटत नाही. डोक्याचा भाग आणि पोट यांच्या सांध्यावर गोल पांढरी कडी दिसली की कवच चिरून अडकले असे समजावे. अशी कोळंबी सहसा वाचत नाही. याउलट कातळातल्या बोअरवेलचे पाणी इतके जड असू शकते की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर ६०० किंवा ८०० पीपीएम दाखवतो. चेरी कोळंबीला टीडीएस १५० ते ३००, कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) ६ ते ८ जर्मन अंश आणि पीएच ६.५ ते ७.८ मानवतो. ६०० टीडीएसच्या बोअरच्या पाण्याचा एक भाग आणि ३० टीडीएसच्या आरओचे दोन भाग मिसळले की २२० येतो. मीटर मात्र फक्त एकूण क्षार सांगतो, त्यांत कॅल्शियम किती ते सांगत नाही. त्यासाठी कठीणपणाची थेंब-चाचणी घ्यावीच. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इथून येणारे पाणी मृदू असते. तिथे प्रवाळाचा चुरा किंवा समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या पाठीचे पांढरे हाड, एक लहान तुकडा टाकीत ठेवावा. तो हळूहळू विरघळतो.

नळाचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय वापरू नये. उघड्या बादलीत २४ तास, शक्यतो पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड चालू ठेवून, किंवा अँटीक्लोरीनचे बाटलीवर दिलेले थेंब घालून ते काढावे. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढू शकते, आणि पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावरचे पहिले पाणी तर टाकीला दाखवूच नये. गिझरचे पाणीही नको, गिझरमध्ये तांब्याचे भाग असू शकतात आणि कोळंबीला तांबे अत्यल्प मात्रेतही बाधते. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते. बाटलीवर कॉपर हा शब्द शोधावा आणि सापडला तर ती बाटली कोळंबीच्या टाकीपासून लांब ठेवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते डासांच्या औषधाकडे. अगरबत्ती, खोलीत लावायचे द्रवाचे यंत्र, फवारा आणि पालिकेचा धूर यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातले कीटकनाशक असते. कोळंबी ही नात्याने कीटकांच्या जवळची, त्यामुळे डास मारणारे औषध तिलाही मारते. त्यातून हवेचा पंप खोलीतली हवा ओढतो आणि थेट पाण्यात बुडबुड्यांनी मिसळतो, म्हणजे झाकण लावूनही बचाव होत नाही. कोळंबी अचानक टाकीभर वेड्यासारखी धावू लागली, मग पाठीवर पडून पाय झाडू लागली, तर पहिला संशय याचाच घ्यावा. टाकी ज्या खोलीत असेल तिथे यंत्र लावूच नये, मच्छरदाणी वापरावी. बाहेर धुराची गाडी आली की खिडक्या लावाव्यात, पंप बंद करावा, टाकीवर ओले कापड घालावे, धूर ओसरल्यावर खोली हवेशीर करून मग पंप सुरू करावा. तास-दोन तास पंपाशिवाय निभावते. अंगाला डासांचे मलम लावलेला हात पाण्यात घालू नये.

कोळंबी आणताना एकदम १० ते १५ आणावी. पिशवीतले पाणी नव्या पाण्याशी थेंबाथेंबाने जुळवावे. टाकीतून पिशवीत सोडलेल्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असे करावे आणि दीड-दोन तास द्यावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

खाद्य आठवड्यातून दोन-तीन वेळाच आणि तेही चिमूटभर. दोन-तीन तासांत संपले नाही तर उरलेले काढावे. जास्त खाद्याने पाणी सडते आणि प्लॅनेरिया नावाचे चपटे पांढरे किडे माजतात. पिल्लांवर त्यांचा डोळा असतो. देशी बदामाचे आपोआप गळून पडलेले, तांबूस-तपकिरी वाळलेले पान मात्र खुशाल घालावे, एका टाकीला एक. रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेल्या झाडाचे नको. पालकाचे पान द्यायचे तर घासून धुऊन, मिनिटभर उकळून.

दर आठवड्याला पाच लिटर पाणी बदलावे आणि नवे पाणी सावकाश सोडावे. मोठा बदल एकदम केला की कोळंबी अवेळी कवच टाकते. टाकलेले कवच पारदर्शक असते, मिश्यांसकट अख्खे. नवखे लोक मेली म्हणून काढून टाकतात. ते राहू द्यावे, ती ते खाते. खरोखर मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी अपारदर्शक गुलाबी दिसते, ती लगेच काढावी.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. झाकण काढून पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे छान जमते, कोकणात कमी. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच करावी, कारण वाफ होते ते पाणी, क्षार मागेच राहतात. नळाचे पाणी घालत राहिलात तर मे महिना संपेपर्यंत टीडीएस बराच चढलेला असतो.

एवढे सांभाळले तर मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरू लागते आणि साधारण महिन्याने पिल्ले निघतात. संख्या फार वाढली तरी ओढ्यात, तलावात सोडू नये. जर्मनी, पोलंड, हंगेरीतल्या कोमट पाण्यांत ही कोळंबी अशीच घर करून बसली आहे, आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या जाती आहेत.

दुकानदारांना विनंती, की टाकीवर किमतीच्या पाटीशेजारी आपल्या पाण्याचा टीडीएस आणि कठीणपणा लिहावा. मीटर आणि थेंब-चाचणीने मोजायला काही मिनिटेच लागतात. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. पाणीकपातीचे विभागवार वेळापत्रक आपण छापता. पालिकेकडून धूरफवारणीचेही घेऊन त्याच चौकटीत छापावे. कोळंबी पाळणारे थोडे असतील, पण दम्याचे रुग्ण, तान्ही मुले आणि मधमाश्या पाळणारे यांनाही आदल्या दिवशी कळलेले हवेच आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे