वाट आपोआप टिकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लांब पल्ल्याच्या पायवाटेवरचा लेख वाचला. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून एक दिवस थांबलो, पण राग गेलेला नाही. लेखकाने वाट मनापासून चालली आहे, हे कबूल. धुकं, एकांत, पाठीवरच्या सॅकचं ओझं, सगळं छान उतरलं आहे. मात्र अख्खं पान वाचल्यावर असं वाटतं की ही वाट तिथे होतीच, निसर्गाने ती सांभाळली आणि चालणाऱ्याने शोधून काढली. ती राखतं कोण, याबद्दल एक ओळ नाही.

लेखात अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेचं उदाहरण आहे, तेही अर्धंच. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली कल्पना मांडली आणि वाट झाली, असा त्याचा सूर आहे. ती कल्पना कागदावरून डोंगरावर उतरवली ठिकठिकाणच्या क्लबांमधल्या स्वयंसेवकांनी. १९३७ मध्ये वाट सलग झाली आणि पुढच्याच वर्षी चक्रीवादळाने ती तोडली. मग महायुद्ध आलं, देखभालीला माणसं उरली नाहीत. १९४८ मध्ये अर्ल शेफर हा तरुण एका दमात सगळी वाट चालून गेला, तेव्हा कित्येक ठिकाणी त्याला खुणा सापडत नव्हत्या आणि वाटेवर रान माजलं होतं. काही वर्षं हात फिरला नाही, तर एवढी गाजलेली वाटही अशी हरवते. आज चौदा राज्यांतून जाणाऱ्या त्या साडेतीन हजार किलोमीटरची देखभाल तीसेक स्थानिक क्लब टप्पे वाटून घेऊन करतात. वाट दाखवणारे झाडांवरचे ते पांढरे पट्टेही कोणीतरी ब्रश घेऊन पुन्हा पुन्हा रंगवतं, म्हणून दिसतात.

आता माझी खरी तक्रार. लेखासोबत छापलेल्या मोठ्या फोटोत एका धावण्याच्या स्पर्धेचे टी-शर्ट घातलेली मंडळी हात उंचावून उभी आहेत. फोटो आमचा श्रमदान गट राखतो त्याच टप्प्यावरचा आहे. ज्या वळणावर ती उभी आहेत, तिथे खाली आमचा पाण्याचा चर होता. 'होता' असंच म्हणावं लागतं, कारण त्या स्पर्धेच्या आयोजकांनी तो बुजवला. धावणाऱ्यांचा पाय अडकेल म्हणून त्यांनी वरपासून खालपर्यंतचे सगळे आडवे चर माती टाकून सपाट केले आणि आम्ही बसवलेले दगड उपटून कडेला फेकले. आम्हाला विचारलं नाही, कळवलंही नाही.

चर म्हणजे काय, हे लेखकाला ठाऊक नसावं, म्हणून सांगतो. उतारावरच्या वाटेवर पाणी पडलं की ते वाटेवरूनच खाली धावतं, आणि वाट हळूहळू ओढा होते. ते होऊ नये म्हणून वाटेला तिरपा छेद देऊन दगडांची ओळ बसवायची. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गेला पाहिजे. बसवून झाला की त्याच्यावर उभं राहून अंग हलवायचं, दगड जरा जरी डुलला तर उपटून पुन्हा बसवायचा. ओळीच्या वरच्या अंगाला चर, आणि त्याचं खालचं तोंड वाटेबाहेर मोकळं. हे तोंड गाळाने आणि पाचोळ्याने सारखं बुजतं, म्हणून दर हंगामात फावड्याने ते मोकळं करावं लागतं. हे काम भर पावसात जाऊन बघावं लागतं, कारण पाणी कुठून सुटतं आणि कुठे साठतं ते कोरड्या दिवसात कळत नाही. एका चांगल्या चराला चार माणसांची सबंध सकाळ जाते.

स्पर्धेनंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात पाणी सरळ खाली गेलं. वाटेच्या मधोमध पोटरीएवढी खोल घळ पडली, झाडांची मुळं उघडी पडली. घळीतून चालता येत नाही म्हणून लोक कडेच्या गवतावरून चालू लागले, आणि आता तिथेही माती सुटते आहे. आयोजकांना फोन केला तर उत्तर मिळालं की स्पर्धेमुळे वाटेला प्रसिद्धी मिळाली, आम्ही आनंद मानायला हवा. त्याच स्पर्धेचा फोटो तुम्ही पानभर छापलात.

प्रसिद्धीला माझा विरोध नाही. लोक आले नाहीत तर वाटेला वालीही मिळणार नाही. पण जितके पाय वाढतील तितके हातही वाढायला हवेत. इंग्लंडमधली पेनाइन वे १९६५ साली खुली झाली, साधारण ४३० किलोमीटरची. चालणारे इतके वाढले की तिथल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या ओल्या, काळ्या जमिनीत वाट चिखल होऊन रुंदच रुंद होत गेली. शेवटी पाडलेल्या जुन्या गिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरने वर नेऊन अंथराव्या लागल्या. तिथे ते जमलं, कारण वाटेची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं होतं. जिथे ते ठरलेलं नाही, तिथे पानभर फोटो छापण्याआधी निदान चौकशी तरी करावी.

आणखी एक. गेल्या श्रमदानाचं निवेदन आम्ही तुमच्याकडे दोन आठवडे आधी पाठवलं होतं. ते छापून आलं श्रमदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर फोन आले, माणसं यायला तयार होती, पण काम उरकलं होतं. घळ बुजवायला जेमतेम तेवढेच आलो होतो, जेवढे नेहमी येतो. त्या निवेदनाच्या चौकटीची जागा पुरवणीतल्या फोटोच्या पाव हिश्श्याइतकीही नव्हती.

पुढचं श्रमदान त्याच वळणावर आहे. कुदळ चालवता आलीच पाहिजे असं नाही. दगड वाहायला, फांद्या ओढायला, खुणा रंगवायला, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायलाही माणूस लागतो. हातमोजे आम्ही देऊ. लेखकानेही यावं, ही मनापासून विनंती आहे. निवेदन या पत्रासोबत जोडलं आहे. ते कृपया तारखेच्या आधी छापावं.

आपला,
श्रमदान गटातील एक वाचक