सगळेच अ‍ॅडमिन

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही. शिव्या राखून ठेव, आधी हे वाच. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर.

संस्थेत कुणीतरी एका ठेवीची मुदत बदललीय. नोंदीपुढं नाव काय? अ‍ॅडमिन. तिच्या आधीच्या नोंदीपुढं? अ‍ॅडमिन. चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे एकाच नावानं आत शिरतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीखाली लिहिलाय, संस्थेच्या स्थापनेचं साल. आणि संशय काउंटरवरच्या पोरीवर, का तर ती नवीन. बुधवारी तिला संचालकांपुढं उभी करणार आहेत.

संस्थेतल्या आबांचा उपाय ऐक: "दणकट मशीन घेऊया, एका वेळी धा कामं करणारं." म्हटलं, आबा, हेही करतंय की. व्याज काढता काढता प्रिंट निघते, मागं अँटीव्हायरस फिरतो. प्रोसेसर या कामावरून त्या कामावर इतक्या झपाट्यानं उड्या मारतो की सगळं एकदम चाललंय असं वाटतं. हे मल्टिटास्किंग. काम कुणाचं, फाइल कुणाची, कुणाला काय उघडायची मुभा, हे मशीननं ओळखायचं म्हणजे मल्टियुजर. आबा नुसते बघत राहिले. मग खानावळीत आणलं त्यांना: एकच आचारी तांबडा, पांढरा आणि सुक्कं तीन शेगड्यांवर सांभाळतो ते पहिलं, आणि उधारी कुणाच्या नावावर मांडायची ते दुसरं. उधारी म्हटल्यावर आबा सावरून बसले!

विंडोजला हे जमत नाही असंही नाही. 1993 च्या विंडोज एनटी या आवृत्तीपासून खाती, परवानग्या सगळं आहे त्यात. आमच्याकडं धूळ खात पडलंय. फक्त साध्या विंडोजवर एका वेळी एकालाच काम करता येतं. मी घरून रिमोटनं शिरलो की काउंटरवरची स्क्रीन लॉक, आणि पोरीची बोंबाबोंब. एकदम चौघं बसायचे तर सर्व्हर हवा.

लॅबमधलं युनिक्सचं डबडं आठवतं? त्याला टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे नि कीबोर्ड, जोडलेली, 'हू' ही कमांड टाकली की कोण कोण बसलंय त्याची यादी. माझी असाइनमेंट ढापायला गेलास, 'परमिशन डिनाइड' आलं, आणि माझ्यावरच रुसलास लेका! पुढं विंडोज 95 आल्यावर नाचलास, गाणं चालू, पत्ते चालू, प्रिंट चालू. मी दाखवलं, पासवर्डच्या चौकटीवर एस्केप दाबलं तरी आत जाता येतं. तर म्हणे, "एकट्याच्या मशीनला कुलूप कशाला?" तो वाद मी सोडलेला नाही. तुझ्या खिशातला अँड्रॉइड बघ. मालक तू एकटा, पण खाली युनिक्सच्याच वळणाचं लिनक्स असल्यामुळं प्रत्येक अ‍ॅपला तो स्वतंत्र युजर क्रमांक देतो, एकानं दुसऱ्याच्या फायलीत नाक खुपसू नये म्हणून. एका माणसाच्या फोनात एवढे युजर, आणि आमच्या अख्ख्या संस्थेत एक!

पिंकीची बारावी ना यंदा? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

त्या नोंदीवरून पोरीवर काही शाबीत होत नाही, एवढं मी बुधवारी ठणकावून सांगीन. पण तिनं केलं नाही, हेही त्यातून निघत नाही, आणि ती माझ्याकडं नेमकं तेच मागतेय. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि नोंदीची वेळ जुळवून पाहतोय, पण दोन्हीकडच्या घड्याळांत फरक आहे. तो कसा काढायचा? मंगळवारी रात्री फोन कर. असल्या चोऱ्यांत तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं.

तुझा,
बाळ्या